घराचा परवाना कोण कोणास देतो?

लायसन्स हा शब्द आपल्या मुंबई-पुण्याच्या घरांत आतां परका राहिलेला नाहीं. जागा ‘लिव्ह अँड लायसन्स’वर दिली, असें आपण सहज म्हणतों. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानें असा करार लेखी असला पाहिजे व त्याची नोंदणी झाली पाहिजे, असें ठरवून दिलें आहे. या आपल्या लायसन्सचा अर्थ असा कीं, घराचा मालक दुसऱ्यास आपल्या जागेंत राहण्याची परवानगी देतो. देणारा मालक, घेणारा राहणारा. इंग्लंडांत मात्र भाड्याच्या एका विशिष्ट प्रकारच्या घरांबाबत याच शब्दाची दिशा अगदीं उलट आहे. अनेक बिऱ्हाडें एकत्र राहत असलेलें घर भाड्यानें द्यावयाचें, तर परवाना मालकानेंच काढावा लागतो. आणि तो देतें तेथील स्थानिक कौन्सिल, म्हणजे आपल्या भाषेंत म्युनिसिपालिटी.

ही परदेशची गोष्ट आपण येथें बसून कां समजून घ्यावी, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आपल्याच घरांत आहे. मराठी कुटुंबांतील कितीतरी मुलें-मुली आज शिक्षणासाठीं इंग्लंडांत जातात. पहिलें वर्ष बहुधा विद्यापीठाच्या वसतिगृहांत जातें. पुढें चौघा-पांच जणांनीं मिळून एखादें घर घेण्याची वेळ येते. खोली मिळाली, स्वयंपाकघर सामाईक आहे, असा निरोप घरीं येतो. आई जेवणाखाण्याची चौकशी करते, वडील भाड्याची करतात. त्या घराला परवाना आहे काय, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. हा प्रश्न कां विचारावा, आणि त्याच्या उत्तरावर किती विसंबावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम ‘अनेक बिऱ्हाडांचें घर’ म्हणजे काय, तें पाहूं. इंग्रजी कायदा त्याला ‘हाउस इन मल्टिपल ऑक्युपेशन’ म्हणतो व व्यवहारांत लोक एच्. एम्. ओ. एवढेंच म्हणतात. आपण त्याला सामाईक घर म्हणूं. ढोबळ मानानें सांगावयाचें तर, ज्या घरांत तीन किंवा अधिक माणसें राहतात, तीं एकाच कुटुंबांतील नसतात, आणि स्वयंपाकघर, नहाणीघर किंवा संडास यांपैकीं कांहीं सामाईक वापरतात, तें सामाईक घर. आतां कुटुंब कोणतें? २००४ च्या हाउसिंग ॲक्टांत त्याची जी व्याख्या आहे, ती आपल्या एकत्र कुटुंबाला शोभेल अशी आहे. नवरा-बायको, आई-बाप, आजा-आजी, मुलें, नातवंडें, भावंडें, काका-मामा, आत्या-मावशी, पुतणे-भाचे, इतकेंच नव्हे तर चुलत, मामे, आते व मावस भावंडेंही त्या कुटुंबांत मोडतात. म्हणजे तीन चुलतभाऊ एका घरांत राहिले तर तें एक कुटुंब झालें. पण तीन मित्र राहिले तर तीं तीन बिऱ्हाडें झालीं. मग त्या मित्रांचा भात एकाच पातेल्यांत शिजत असला तरी हरकत नाहीं. आपण चुलीवरून बिऱ्हाड मोजतों. तो कायदा नात्यावरून मोजतो. चूल एक आणि बिऱ्हाडें तीन, हा प्रकार आपल्याला विचित्र वाटला तरी तेथें तो रोजचा आहे.

या व्याख्येला कांहीं अपवाद आहेत. विद्यापीठाचीं स्वतःचीं वसतिगृहें सामान्यतः तींतून वगळलेलीं आहेत. मालक स्वतः सहकुटुंब राहत असून त्यानें दोनच भाडेकरू घरांत घेतले असतील, तर तेंही घर सामाईक ठरत नाहीं.

राहणाऱ्यांचीं डोकीं मोजण्याची ही कल्पना कांहीं नवी नव्हे. १८५१ सालीं लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या पुढाकारानें इंग्लंडांत सार्वजनिक निवासघरांचा कायदा झाला. एका रात्रीपुरती जागा शोधणारे मजूर, फिरते विक्रेते, निराधार माणसें हीं ज्या घरांतून दाटीवाटीनें झोपत, त्या घरांची नोंद व तपासणी त्यानें सुरू केली. पुढें १८७५ च्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यानें अशा घरांच्या भिंतींना व छतांना एप्रिल आणि ऑक्टोबर या महिन्यांच्या पहिल्या आठवड्यांत चुना लावण्याचें बंधन घातलें. पटकी आणि सांथीचा ताप यांच्या भीतीनें जागें झालेलें सरकार आपल्यालाही परिचित आहे. मुंबईला १८९६ च्या प्लेगनें असेंच जागें केलें, आणि इंप्रूव्हमेंट ट्रस्टाचा जन्म त्यांतूनच झाला.

परंतु सर्वांत बोलका दाखला आहे ग्लासगो शहराचा. १८६२ च्या तेथील पोलीस ॲक्टानें तीन खोल्यांपर्यंतच्या लहान घरांची मापें घेण्यांत आलीं. ज्या घराची पोकळी दोन हजार घनफुटांपेक्षां अधिक नव्हती, त्याच्या दारावर एक पत्र्याचें तिकीट ठोकण्यांत येई. प्रौढ माणसामागें तीनशें घनफूट या हिशेबानें त्या घरांत किती माणसांनीं झोपावें, तो आंकडा तिकिटावर लिहिलेला असे. नियम झाला, तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आरोग्य खात्याचे तपासनीस मध्यरात्रीं दारें ठोठावूं लागले. तेव्हां आंतलीं जादा माणसें कपाटांत लपत, बिछान्याखालीं शिरत, कधीं छपरावर जाऊन बसत. हीं माणसें गुन्हेगार नव्हतीं. दुसरीकडे जागा नाहीं, म्हणून तीं तेथें झोपत होतीं. घराची शिस्त माणसाच्या हितासाठीं असते. पण तिचा पहिला धाक मालकाला न बसतां त्या माणसालाच बसतो, ही या विषयांतली खरी अडचण. ती तेव्हां होती, आणि आजही आहे.

त्याच ग्लासगोंत १९९९ सालीं एका तळघरांतील बिऱ्हाडाला आग लागली आणि दोन विद्यार्थी मृत्यु पावले. खिडक्यांना लोखंडी गज होते. पुढच्याच वर्षीं, १ ऑक्टोबर २००० पासून, स्कॉटलंडनें परस्परांशीं नातें नसलेल्या अनेक माणसांना जागा देणाऱ्या मालकावर परवान्याची सक्ती करण्यास आरंभ केला.

इंग्लंडचा कायदा २००४ चा असून त्याचा अंमल एप्रिल २००६ पासून सुरू झाला. यापुढील विवेचन इंग्लंडपुरतें आहे. प्रारंभीं परवान्याची सक्ती तीन किंवा अधिक मजल्यांच्या घरांनाच होती. अट अशी कीं, त्यांत निदान पांच माणसें व दोन बिऱ्हाडें असावींत. १ ऑक्टोबर २०१८ पासून मजल्यांची अट काढून टाकण्यांत आली. तेव्हांपासून एकमजली असो वा दुमजली, सामाईक घरांत पांच माणसें राहत असलीं कीं परवाना हवाच. याशिवाय कौन्सिलाला आणखी दोन अधिकार आहेत. आपल्या हद्दींतील तीन-चार माणसांच्या सामाईक घरांनाही तें परवाना लावूं शकतें. आणि ठरविलेल्या विभागांत तर एकाच कुटुंबाला भाड्यानें दिलेल्या घरालाही लावूं शकतें. लंडनच्या न्यूहॅम भागानें २०१३ पासून जवळजवळ आपल्या साऱ्या हद्दीला ही दुसरी पद्धत लागू केली, आणि असें करणारें तें पहिलें कौन्सिल होतें. यामुळें असें होतें कीं, रस्त्याच्या एका बाजूच्या घराला परवाना लागतो आणि पलीकडच्या बाजूला हद्द बदलली तर लागत नाहीं. म्हणून ‘इंग्लंडांत नियम काय’ असें न विचारतां ‘या पत्त्याला नियम काय’ असें विचारावें लागतें.

परवाना देतांना कौन्सिल काय पाहतें? पहिली गोष्ट म्हणजे माणूस. मालक व व्यवस्थापक हे ‘योग्य व लायक’ आहेत काय, त्यांच्यावर फसवणुकीचा, मारहाणीचा किंवा भाडेकरूंचा कायदा मोडल्याचा दोष शाबीत झाला आहे काय, हें विचारांत घेतलें जातें. दुसरी गोष्ट घर. किती माणसांना तें पुरेल, नहाणीघरें व संडास किती, स्वयंपाकाची सोय कशी, आगीपासून बचाव कसा, हें ठरवून परवान्यावर राहणाऱ्यांची कमाल संख्या घातली जाते. गॅसची उपकरणें असतील तर त्यांच्या सुरक्षिततेचा दाखला दरवर्षीं द्यावा लागतो. घरांत धुराची सूचना देणारीं यंत्रें हवींत व तीं चालू स्थितींत हवींत. भाड्याच्या अटी भाडेकरूला लेखी द्याव्या लागतात. परवाना जास्तींत जास्त पांच वर्षांचा असतो, आणि घर विकलें तर तो नव्या मालकाकडे जात नाहीं. त्यानें नवा काढावयाचा.

झोपण्याच्या खोलीच्या मापाविषयीं २०१८ पासून नियम असा आहे कीं, दहा वर्षांवरील एका माणसाला ६.५१ चौरस मीटर, दोघांना १०.२२ चौरस मीटर, आणि दहा वर्षांखालील एका मुलाला ४.६४ चौरस मीटर जागा तरी असलीच पाहिजे. उतरत्या छपराखालीं जेथें उंची दीड मीटरपेक्षां कमी असेल, तो भाग मोजावयाचा नाहीं. हे अपूर्णांक पाहून माणूस बुचकळ्यांत पडतो. पण त्यांचे चौरस फूट करून पाहिले कीं उलगडा होतो. ते आंकडे सत्तर, एकशें दहा आणि पन्नास असे येतात. १९३५ च्या इंग्रजी हाउसिंग ॲक्टांत दाटीची मर्यादा ठरवितांना हेच आंकडे वापरले होते. म्हणजे दहा फूट लांब व सात फूट रुंद खोली एका प्रौढ माणसाला पुरे, हा हिशेब ऐंशीहून अधिक वर्षें तसाच टिकून आहे. फक्त फुटांचे मीटर झाले.

आतां फीविषयीं. भाडेकरूंचा व मालकांचा सर्वांत मोठा वाद याच बाबतींत असतो. परवान्याची फी साऱ्या देशांत एक नाहीं. प्रत्येक कौन्सिल आपापली ठरवितें. कोठें ती कांहींशे पौंड असते, तर लंडनच्या कांहीं भागांत हजार पौंडांच्याही वर जाते. मालक म्हणतात, हा दुसऱ्या नांवानें बसविलेला करच होय. कायद्याचें म्हणणें मात्र निराळें आहे. परवान्याच्या कामाला कौन्सिलास जो खर्च येतो, तो लक्षांत घेऊन फी ठरवावयाची; तिच्यांतून इतर खात्यांचा खर्च भागवावयाचा नाहीं. २०१६ सालीं युरोपीय न्यायालयानें, वेस्टमिन्स्टरमधील एका निराळ्याच धंद्याच्या परवान्यांच्या खटल्यांत, अर्ज घेतांनाच पुढील देखरेखीचाही खर्च वसूल करणें अयोग्य ठरविलें. तेंच तत्त्व २०१८ सालीं लंडनच्या उच्च न्यायालयानें रिचमंड अपॉन टेम्स येथील प्रकरणांत सामाईक घरांच्या परवान्याला लावलें. तेव्हांपासून फी दोन हप्त्यांत घेण्याची पद्धत पडली आहे. पहिला हप्ता अर्ज तपासण्याच्या खर्चाचा. दुसरा परवाना मंजूर झाल्यावर, पुढील देखरेख व अंमलबजावणी यांच्या खर्चाचा. अर्ज नामंजूर झाला तर दुसरा हप्ता देण्याचें कारणच उरत नाहीं.

ही फी शेवटीं भाडेकरूच्याच खिशांतून जाते, असा आक्षेप नेहमीं घेतला जातो. हा आक्षेप हिशेबानें तपासून पाहूं. समजा, फी बाराशें पौंड आहे, परवाना पांच वर्षांचा आहे आणि घरांत पांच माणसें आहेत. वर्षाला दोनशें चाळीस पौंड झाले, महिन्याला वीस, आणि माणशीं महिन्याला चार. सारी फी भाड्यांत मिळविली तरी बोजा एवढाच पडतो. खरा खर्च निराळ्या ठिकाणीं आहे. आगीला दाद न देणारीं दारें बसविणें, जादा नहाणीघर बांधणें, आणि अपुरी खोली भाड्यानें देण्याचें बंद करणें, यांत मालकाचे पैसे जातात. पांच खोल्यांच्या घराच्या चार खोल्या झाल्या कीं उरलेल्या चौघांचें भाडें वाढण्याचा संभव असतो, आणि पांचव्यानें कोठें जावें हा प्रश्न तर उभाच राहतो. ग्लासगोच्या छपरावर जाऊन बसलेला माणूस तो हाच. म्हणूनच २०१८ च्या नियमांत, अपुऱ्या खोलींत कोणी आधींपासून राहत असेल तर ती अडचण दूर करण्यासाठीं मालकाला अठरा महिन्यांपर्यंत मुदत देण्याची तरतूद करण्यांत आली. नियम करणाऱ्यांना त्या माणसाची आठवण राहिली, हें त्यांतल्या त्यांत बरें.

परवाना न काढणाऱ्या मालकाला होणारी शिक्षा मात्र किरकोळ नाहीं. कोर्टांत दोष शाबीत झाल्यास दंडाला वरची मर्यादा नाहीं. खटल्याऐवजीं कौन्सिलानें स्वतःच तीस हजार पौंडांपर्यंत दंड करण्याची सोय २०१६ च्या कायद्यानें झाली, आणि ती मर्यादा चाळीस हजारांवर नेण्याचें २०२५ च्या भाडेकरू हक्कांच्या कायद्यानें ठरविलें. परंतु भाडेकरूच्या दृष्टीनें याहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. विनापरवाना घरांत राहिलेला भाडेकरू न्यायाधिकरणाकडे अर्ज करून भरलेलें भाडें परत मागूं शकतो. पूर्वीं ही रक्कम जास्तींत जास्त एका वर्षाच्या भाड्याइतकी होती. २०२५ च्या कायद्यानें ती दोन वर्षांपर्यंत वाढविली. अशा रीतीनें कायद्यानें भाडेकरूलाच आपला तपासनीस नेमलें आहे, असें म्हटलें तरी चालेल.

पण येथेंही पळवाट निघाली. एखादी कंपनी मूळ मालकाकडून घर भाड्यानें घेते आणि खोल्या सुट्या करून पुढें पोटभाड्यानें देते. पोटभाडेकरूंचा हा प्रकार आपल्याकडे चांगलाच माहीत आहे. तंटा निघाला कीं ती कंपनी दिवाळें काढून मोकळी होते आणि मूळ मालक म्हणतो, या माणसांशीं माझा संबंध काय? २०२३ सालीं इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानें कायद्याच्या शब्दांकडे पाहून असा निर्णय दिला कीं, भाडें परत मागावयाचें तें आपल्या लगतच्या मालकाकडेच मागतां येईल, त्याच्या वरच्याकडे नाहीं. ही फट बुजविण्यासाठीं २०२५ च्या कायद्यांत वरच्या मालकालाही जबाबदार धरण्याची तरतूद आली.

एवढें ऐकल्यावर कोणास वाटेल कीं, परवाना असलेलें घर म्हणजे निर्धोक घर. असा समज करून घेणें धोक्याचें आहे. मालकानें रीतसर अर्ज केला कीं निकाल लागेपर्यंत विनापरवाना घर चालविल्याचा गुन्हा त्याच्यावर लागत नाहीं. शिवाय परवाना देण्यापूर्वीं घर डोळ्यांनीं पाहिलेंच पाहिजे, अशी सक्ती कौन्सिलावर नाहीं. घरांत गंभीर धोके नाहींत ना, याविषयीं अर्जापासून पांच वर्षांच्या आंत त्यानें खात्री करून घ्यावी, असें कायदा म्हणतो. परवान्याची मुदतही जास्तींत जास्त पांचच वर्षांची! म्हणजे तपासनिसाचें पाऊल घरांत पडण्यापूर्वीं एक विद्यार्थी तेथें येऊन, पदवी घेऊन, निघूनही गेलेला असूं शकतो. फीच्या रकमेविषयीं मालक व कौन्सिल यांनीं वाद घालावा. भाडेकरूनें मात्र विचारावें तें हें कीं, या पैशांतून किती तपासनीस नेमले, आणि ते किती घरांत प्रत्यक्ष गेले? तपासणी नसेल तर चार पौंडही महाग, आणि असेल तर चाळीस पौंडही स्वस्त.

मग परवान्याचा उपयोग काय? उपयोग हा कीं, परवान्यामुळें घराच्या मागें एक नांव उभें राहतें. आग लागली, गॅस गळला, दार मोडलें, तर जबाबदार कोण, याचें उत्तर आधींच लिहून ठेवलेलें असतें. परवाना असो वा नसो, प्रत्येक सामाईक घरांत व्यवस्थापकाचें नांव, पत्ता व फोन नंबर ठळक जागीं लावलेला असला पाहिजे, असा २००६ चा नियम आहे. तसेंच दिलेल्या परवान्यांची नोंदवही ठेवून ती लोकांना खुली करणें प्रत्येक कौन्सिलावर बंधनकारक आहे. बहुतेक कौन्सिलांची ही वही इंटरनेटवर पाहतां येते, आणि ती पुण्यांतल्या घरीं बसूनही वाचतां येते.

म्हणून ज्यांची मुलें तेथें राहावयास निघालीं आहेत, त्यांनीं अनामत रक्कम पाठविण्यापूर्वीं चार गोष्टी करून घ्याव्या. पहिली, घराचा पत्ता कोणत्या कौन्सिलाच्या हद्दींत येतो आणि तेथें किती माणसांपासून परवाना लागतो, तें पाहावें. दुसरी, नोंदवहींत तो पत्ता आहे काय, आणि परवान्यावर राहणाऱ्यांची संख्या किती लिहिली आहे, तें वाचावें. घरांत खाटा त्याहून अधिक असतील तर तेथेंच थांबावें. तिसरी, ज्याच्या नांवें भाडें भरावयाचें तो माणूस परवान्यावरचाच आहे कीं मधला कोणी आहे, तें विचारून घ्यावें. चौथी गोष्ट मुलाला सांगावी: खोलींत पाऊल टाकल्याबरोबर खिडकी उघडून पाहा, छतावरचें धुराचें यंत्र वाजतें का तें पाहा, आणि रात्रीं अंधारांत बाहेर पडावयाचें झालें तर वाट कोणती, ती एकदां चालून ठेव.

नोंदवहीवरील नांव घराचा धनी दाखवितें. बाहेर पडण्याची वाट मात्र आंत राहणाऱ्यानेंच पाहून ठेवावयाची असते. या दोन गोष्टी झाल्या, तर परवान्याच्या फीचा निदान आपल्यापुरता मोबदला मिळाला, असें म्हणावयास हरकत नाहीं.